पाचवा गिअर की नवा क्लच? जुन्या गाडीवर थोडा पैसा कुठे घालावा



जुनी मोटार दारात असणे ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. कुणाला आजारी आईला दवाखान्यात न्यायचे असते, कुणाला मुलीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोचवायचे असते, कुणी आपलाच माल आठवडी बाजारात घेऊन जातो. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते, म्हणून तीस-चाळीस हजारांत दुसऱ्याने वापरलेली गाडी येते. ती एके दिवशी चढावर धापा टाकू लागते. मग शेजारी, नातेवाईक आणि गॅरेजवाला, प्रत्येकाचा सल्ला निराळा. त्यात कष्टाचे पैसे वाहून जातात.

इगतपुरीच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे, चार गिअरची. सासूबाईंच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा मुंबईला जावे लागते. येताना कसारा घाटात इंजिन ओरडते, पण गाडी पुढे सरकत नाही आणि आत जळका वास येतो. मेस्त्री म्हणतो, "पाच गिअरचा बॉक्स बसवून टाका, गाडी नवी होईल." बचत गटातून आणि घरच्या शिलकेतून जमवलेले १८ हजार रुपये हाताशी आहेत. "भाऊ, हे पैसे गिअरबॉक्सात घालावेत का?" असे त्या विचारतात. हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

ताकद चाकापर्यंत कशी पोचते

इंजिन कितीही चांगले असले तरी त्याची ताकद चाकाला मिळाली तरच गाडी चालते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, त्याला चिकटून क्लच प्लेट, तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट, मग गिअरबॉक्स. याच गिअरबॉक्सच्या कवचात डिफरन्शियल बसवलेला असतो. तिथून डावी-उजवीकडे दोन ड्राइव्ह शाफ्ट पुढच्या चाकांना जातात. अँबॅसिडर आणि पद्मिनी या गाड्यांत मात्र ताकद लांब प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना जात असे.

ही एक साखळी आहे. तिची जी कडी सर्वांत झिजलेली, तिच्यावर पैसा घालावा. भक्कम कडी काढून तिच्या जागी आणखी भक्कम कडी बसवली, पण झिजलेली तशीच ठेवली, तर खर्च होतो आणि गाडी मात्र तिथेच राहते.

पाचवा गिअर काय करतो आणि काय करत नाही

पाचवा गिअर गाडीला जोर देतो, हा मोठा गैरसमज आहे. तो चढावर उपयोगी पडत नाही. सपाट हमरस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणे एवढेच त्याचे काम. हिशेबच मांडून पाहू.

या गाडीला बहुधा १४५/७० आर १२ मापाचे टायर असतात. त्यांचा घेर सुमारे १.६ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ६२५ वेळा फिरते. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन ४ फेरे मारत असेल, तर ताशी ६० ला इंजिन मिनिटाला २५०० फेरे मारील आणि ताशी ८० ला सुमारे ३३५०. पाचव्या गिअरने हेच प्रमाण ३.३ वर आणले, तर ताशी ८० ला सुमारे २७५० फेरे पुरतात. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही काहीसे वाचते. रोज सपाट हमरस्त्याने लांब जाणाऱ्याला हा फायदा खरा आहे.

पण घाटात आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर असतो. तिथे पाचवा गिअर नुसता बसून राहतो. उलट नव्या बॉक्समधल्या डिफरन्शियलचे प्रमाण जुन्याहून लहान असेल, तर सगळेच गिअर हलके होऊन चढाव पूर्वीपेक्षा जड जाईल.

आपल्या गाडीचे प्रमाण घरीही मोजता येते. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची तार काढा आणि स्पार्क प्लग काढून ठेवा. पुढचे एकच चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. दुसरे चाक जमिनीवरच राहू द्या. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि इंजिनाच्या पुलीवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. तेच तुमचे प्रमाण. दोन फेरे का, तर एक चाक रोखलेले असताना डिफरन्शियल मोकळ्या चाकाला दुप्पट फिरवतो. हे पोरांना दाखवा. शाळेतील गुणोत्तर-प्रमाण इतके चांगले दुसरीकडे कुठे कळणार नाही. मात्र केवळ जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये. जॅक सटकून जीव गेलेले आहेत.

आधी रोग ओळखा

इगतपुरीच्या भगिनीने लिहिलेली लक्षणे पुन्हा पाहा: इंजिन ओरडते, गाडी सरकत नाही, जळका वास येतो. ही गिअरबॉक्सची लक्षणे नव्हेत. क्लच घसरतो आहे. गिअर चार असोत की पाच, घसरणाऱ्या क्लचपुढे दोन्ही सारखेच निरुपयोगी.

खात्री करून घेण्याची रीत अशी. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या सुमारास वरच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर जोराने दाबा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेग मात्र हळूच वाढला, तर क्लच घसरतो. पण प्लेट बदलण्याआधी पेडल तपासा. पेडल दाबल्यावर सुरुवातीला थोडे मोकळे खेळले पाहिजे. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मोकळा खेळ अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घसरतो. या गाडीचा क्लच वायरीवर चालतो. पुष्कळदा वायरीचा नट फिरवून ती सैल केली की काम भागते. त्याला पैसे पडत नाहीत.

इतर आवाजांचीही भाषा असते. ती कळली की गॅरेजात कुणी फसवू शकत नाही.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलला, आणि घर्र आवाज येतो; क्लच दाबला की बंद होतो. हा दोष बहुतेक गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा.

उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग गेले. ते स्वस्त असते, पण बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की कट-कट आवाज येतो: ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजला. त्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेलेले आणि धूळ आत गेलेली दिसेल. बूट फाटला तेव्हाच बदलला असता तर थोड्या पैशांत भागले असते.

दुसरा गिअर टाकताना करकर होते, पण बाकी गिअर नीट पडतात: सिंक्रोनायझरची पितळी रिंग झिजली. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर मात्र गिअरबॉक्सचेच काम आहे. पण त्याआधी लिव्हरखालचे बुश आणि इंजिनाचे फाउंडेशन रबर पाहा. फाउंडेशन बसले की इंजिन हलते आणि गिअर सुटल्यासारखा वाटतो.

शेवटी इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा फार खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतो किंवा हेड गॅस्केट गेले. इंजिनच दमलेले असेल तर आधी त्याचा विचार हवा.

पत्रा आणि कागद

एक रुपया खर्चण्यापूर्वी गाडीखाली टॉर्च मारा. पायाखालचा पत्रा, पुढच्या सस्पेन्शनच्या जागा, जॅक लावण्याची कड, या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. स्क्रू ड्रायव्हर आत शिरला तर पत्रा सडला आहे. असल्या गाडीवर गिअरबॉक्सचा खर्च करू नये, आम्ही स्पष्टच सांगतो. गिअरबॉक्स उद्याही मिळेल. पत्रा तुटून चाक निखळले तर माणूस मिळणार नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी केंद्र सरकारने हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. त्याशिवाय पर्यावरण कर निराळा. १९९८ च्या गाडीची मुदत जवळ आली असेल, तर १८ हजारांतले निम्म्याहून अधिक तिथेच जातील. म्हणून आधी नोंदणीपुस्तकावरची तारीख पाहावी, मग हत्यार उचलावे. विमा आणि पी.यू.सी. हेही चालू हवेत.

गिअरबॉक्स एकदाच उतरवावा

क्लचच्या कामात मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो. म्हणून नियम असा की, एकदा तो खाली आला की त्याच्या मागचे जे जे झिजणारे, ते त्याच मजुरीत बदलून घ्यावे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच घ्यावा. नुसती प्लेट घालून हजार रुपये वाचवणारा सहा महिन्यांत पुन्हा मजुरी देतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे दिसले तर ते लेथवर घासून घ्यावे. इंजिनाचे मागचे क्रँक ऑइल सील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टचे सील, ही काही रुपयांची रबरे आहेत. ती जुनी ठेवली आणि तेल नव्या प्लेटवर गळले, तर प्लेट पुन्हा घसरू लागेल. क्लच वायरही याच वेळी नवी.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे घालावे. पुस्तिका जी.एल.-४ म्हणत असेल तर "याहून भारी" म्हणून जी.एल.-५ घालू नये; त्यातली काही रसायने पितळी रिंगांना मानवत नाहीत. तेल भरताना गाडी सपाट जागी हवी.

जुन्या बाजारातून गिअरबॉक्स घेताना

ज्यांची गाडी सपाट रस्त्यावर रोज लांब पळते, ज्यांचा क्लच आणि इंजिन ठीक आहे, किंवा ज्यांचा जुना बॉक्स खरोखरच गेला आहे, त्यांनी पाच गिअरच्या बॉक्सचा विचार जरूर करावा. मारुती ८०० च्याच पुढच्या काही आवृत्त्यांत आणि अल्टोत पाच गिअर आले. मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, पुण्यात नाना पेठ, अशा बाजारांत जुने-नवे पार्ट मिळतात. घेताना हे पाहावे.

बॉक्स एकटा घेऊ नका. त्याच गाडीची लिव्हरची जोडणी, फाउंडेशनचे ब्रॅकेट, स्पीडोमीटरचा छोटा गिअर, शक्य तर ड्राइव्ह शाफ्टही सोबत घ्या. पाच गिअरचा बॉक्स आकाराने थोडा निराळा असतो. एक ब्रॅकेट नसले की ते वेल्डिंग करून "जमवण्याचा" सल्ला मिळतो, आणि असले जमवलेले काम घाटात सुटते.

आपली जुनी क्लच प्लेट पिशवीत घालून न्या. नव्या बॉक्सच्या शाफ्टवर ती सरकवून पाहा. खाचा मोजा, बसते का ते डोळ्यांनी पाहा. "बसेल हो" या शब्दावर पैसे देऊ नका.

प्रत्येक गिअर हाताने टाका, शाफ्ट फिरवा. कुठे अडते का, दाणेदार लागते का ते बोटांना कळते. तेल काढायला लावा. त्यात सोनेरी भुकटी असेल तर रिंगा झिजल्या, चंदेरी कण किंवा तुकडे असतील तर दातेच गेले. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. बॉक्स पुरात बुडालेल्या गाडीचाही असू शकतो. असा बॉक्स फुकट मिळाला तरी नको.

आणि पावती. विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख, मालाचे वर्णन असलेली पावती घेतल्याशिवाय माल उचलू नये. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. गरिबाच्या दारात जुना पार्ट दिसला की संशय आधी त्याच्यावर येतो, हे आपल्या वस्त्यांना शिकवायला नको. दोन ओळींचा कागद अशा वेळी वकिलाइतका उपयोगी पडतो. जुन्या गाड्या रीतसर मोडण्यासाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत केंद्रेही आहेत. तुमच्या जिल्ह्यात असे केंद्र असेल तर तिथे आधी चौकशी करा.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. नोंदणीपुस्तकात इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सीसी आणि इंधन लिहिलेले असते; गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. तरीही दुसऱ्या आवृत्तीचा बॉक्स घालण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात अर्ज देऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. इंजिन बदलायचे असेल तर पूर्वपरवानगी हवीच आणि नवा क्रमांक पुस्तकात चढलाच पाहिजे. मोठ्या सीसीचे इंजिन कोंबण्याचा मोह टाळावा. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते.

अठरा हजारांची वाटणी

आता इगतपुरीच्या भगिनीला आमचे उत्तर. ताई, पाचवा गिअर नको. आधी पेडलचा खेळ तपासून वायर नीट लावून घ्या. तरीही घसरत असेल तर क्लचचा पूर्ण संच, सगळी सील, वायर, गिअर ऑइल आणि फाटलेले बूट, एवढेच काम करा. आजच्या बाजारात या गाडीचा क्लच संच साधारण दोन-तीन हजारांच्या घरात मिळतो. मजुरी गावागणिक बदलते, म्हणून तीन गॅरेजांत विचारून लेखी आकडा घ्या. हे सारे निम्म्या रकमेत बसावे. उरलेल्यातून आधी ब्रेक पाहून घ्या. घाट चढण्याइतकेच घाटात थांबणेही महत्त्वाचे. बाकी पैसे नोंदणीसाठी आणि अडीनडीसाठी बाजूला ठेवा. सगळी रक्कम गाडीत घालून दवाखान्याच्या दिवशी हात रिकामा ठेवू नये.

काम चालू असताना घरातले कुणी तरी गॅरेजात उभे राहावे आणि काढलेले जुने पार्ट घरी आणावेत. पार्ट खरोखर बदलला याचा तोच पुरावा. बहिणींनीही संकोच न करता जावे. घरचा हिशेब ज्या चोखपणे ठेवतात, त्याच चोखपणे गाडीची एक वही घालावी: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती दिले, पावती चिकटवलेली. गाडी विकताना ही वही किंमत वाढवते.

नंतरची राखण

नवी क्लच प्लेट नीट बसायला काही शे किलोमीटर लागतात. तोवर ओझे आणि घाट टाळावा. क्लचच्या पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय सोडावी. चढावर थांबताना गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नये. हँडब्रेक कशासाठी आहे? प्लेट जाळण्यात रस्त्यापेक्षा या दोन सवयींचा वाटा मोठा असतो. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे तर जिवावरचा खेळ. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत.

पेट्रोलविषयीही एक सूचना. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्याने एका लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. मायलेज थोडे कमी झाले म्हणून लगेच गिअरबॉक्सला दोष देऊ नये. मात्र जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले रबरी नळ इथेनॉलने फुगतात, चिरतात. त्यांचा वास घेत चला आणि वेळेवर बदला.

पुढील सदरात ब्रेकविषयी लिहू. वाचकांनी आपल्या अडचणी गाडीचे वर्ष, किलोमीटर आणि नेमकी लक्षणे लिहून पाठवाव्यात. "गाडी नीट चालत नाही" एवढ्यावर उत्तर देता येत नाही. आवाज केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, एवढे कळवले तरी निम्मे काम तुम्हीच केलेले असेल.